फुटाला एक इंच

५ नोव्हेंबर १९३३, नागाव

भोत शिजवून सरस केला. भोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातला फुगा, वाळवलेला. थेरोंड्याच्या हिराजी नाखव्याने आणून दिला, कागदात गुंडाळून, वर तुळशीचं पान ठेवून. बामणाला विटाळ नको म्हणून! म्हातारा वस्ताद आहे. विहिरीजवळच्या लाकडांच्या खोपीत तीन तास मंद आचेवर ठेवला. वास असह्य. दोनदा उठून चूळ भरून आलो.

पण पकड काय आहे! शिवणीच्या दोन फळ्या जोडल्या, सुकल्यावर ओढून पाहिल्या, तर लाकूड फाटलं, सांधा नाही. चिंचोक्याची खळ याच्यापुढे पाणी.

सौ.ने विचारलं, कसला हा वास? म्हटलं, चिंचोके. पदर नाकाला लावून आत गेली. नाक तिला माझ्याहून तिखट आहे.

१२ नोव्हेंबर

लाकडी मॉडेल करायचं म्हणून सकाळी मामांची मोटार मापली. (मामा सौ.चे, माझे नव्हेत. सासुरवाडीचं काही फुकट मिळत नाही.) अलिबाग–रेवदंडा सर्व्हिस, आठ उतारूंची, प्रत्यक्षात तेरा, शिवाय टोपल्या. मी रोज तिच्यातूनच ऑफिसला जातो, पुढच्या बैठकीवर, ड्रायव्हरशेजारी. जावई म्हणून राखीव जागा.

लांबी १३ फूट ४ इं. म्हणजे मॉडेल १३⅓ इंच. फुटाला एक इंच, एक केसही इकडे तिकडे नाही. धर्मा ड्रायव्हर टेपचं दुसरं टोक धरून उभा. हा हिराजीचाच मुलगा, होडी सोडून मोटारीवर आला. डाव्या मडगार्डचा पोचा मापायला लागलो तर हसला. म्हणाला, "तात्या, पोचा पन घेनार?" घेणार तर! पोचा मोटारीला आहे ना? मग मॉडेलला असणार.

मोजणी खात्यात वीस वर्षं झाली. गावोगाव साखळी ओढली. खरं माप मागणारा एक माणूस अजून भेटला नाही. जो तो म्हणतो, रावसाहेब, बांध जरा आमच्या अंगाने घ्या. वीट आला आहे. निदान ही १३⅓ इंचांची वस्तू तरी जशी आहे तशी होऊ दे.

२६ नोव्हेंबर

चाकं झाली. आरे खराट्याच्या हिरांचे, प्रत्येक चाकाला बारा. सौ.चा अर्धा खराटा गेला. टायर जुन्या सायकलच्या नळीचे.

मामा आले होते. पान खाऊन, बोटांचा चुना खोपीच्या खांबाला पुसून. त्यांना मॉडेल दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायचं आहे, साहेब लोक आले की दाखवायला. नक्षा पाहून म्हणाले, पोचा काढून टाका, दोन्ही दिवे एकसारखे करा, टपाचं ठिगळ नको, नवी कोरी दिसली पाहिजे. मी म्हटलं, नवी कोरी हवी तर बाजारातलं पत्र्याचं खेळणं घ्या. सौ. दारात होती, तिचा चेहरा पडला. मामा हसले. त्यांचं हसणं म्हणजे ढेकर.

१७ डिसेंबर

आज मोटारीच्या खाली शिरलो. खाली तरट टाकून पाठीवर तासभर. तेल, शेण, चिखल, कोणी तरी आत बसून थुंकलेल्या तंबाखूचे ओघळ फळ्यांमधून खाली आलेले. ओकारी आली. पण खालची बाजू हीच मोटार. वरचं सगळं पॉलिश.

एक अपूर्व गोष्ट सापडली. मागच्या चाकांच्या ब्रेकची सळई मध्यावर तुटलेली, आणि दोन्ही तुकडे एकावर एक घेऊन दोरीने बांधलेले! अंबाडीची दोरी, माशाच्या तेलात मुरवलेली, अठरा वेढे, आणि शेवटी अशी गाठ की टोकच दिसत नाही. धर्माला विचारलं. म्हणाला, वल्हं मोडलं की दर्यावर असंच बांधतात, लाकूड सुटेल पण गाठ सुटणार नाही. मी म्हटलं, लोखंडाचं काय? तो म्हणाला, लोखंडाचं ठाऊक नाही. नवी सळई मुंबईहून परवाच होडीतून आली, मामांच्या कपाटात आहे. पण उद्यापासून पौष. पौषात नवं लोखंड लावायचं नाही, संक्रांत झाली की लावू, असं मामा म्हणाले. तीनदा मागितली म्हणे.

वहीत नक्षा काढला, तारीख घातली. बांधणी इतकी सुंदर आहे की आजचा सगळा घाणेरडा तास फिटला. एवढ्या बारीक प्रमाणात ती गाठ कशी उतरवावी?

२४ डिसेंबर

गाठ जमेना. रेशमी धागा, मेण, चिमटा, सौ.चं भिंग. अकरा वेळा सोडली. दर वेळी टोक बाहेर येऊन मला वाकुल्या दाखवतं. हात धुतले तरी बोटांना भोताचा वास, जेवणाच्या पानावरही तोच. किळस येते स्वतःच्याच हाताची.

दुपारी हिराजी आला. ओटीवर चढला नाही, खोपीशी बसला. मॉडेल उलटं करून बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातचा धागा घेतला. बोटं पाहावीत तर वांग्यासारखी, नखं फुटलेली. आणि डोळे मिटून बांधली, खरंच मिटून, चिलमीचे दोन झुरके होईपर्यंत काम फत्ते. अठरा वेढे मोजून घेतले. बरोबर.

म्हणाला, "ही माज्या घरची गाठ हाय. पोरानं चांगली उचलली."

३१ डिसेंबर

रंग. निळा दोनदा, वर रोगण. डावा दिवा कुंकवाच्या डबीच्या आरशाचा, उजवा चष्म्याच्या फुटक्या काचेचा, कारण मोटारीचेही दिवे दोन तऱ्हांचे आहेत. रोगण ओलं असताना त्यावर माशी बसली. तिचे पाय चिमट्याने काढायला अर्धा तास.

आज मोटारीत एकाने माझ्या बुटावर पिंक टाकली आणि वर म्हणाला, पाय आत घ्या की.

७ जानेवारी १९३४

पुरी झाली. खाली सतरंजी घालून तिच्यावर ठेवली आणि नुसता बघत बसलो. हा एक दिवस तरी कोणाचा राग आला नाही.

मग मामा आले. पोचा बघून तोंड वाकडं केलं. उलटी केली, दोरी दिसली. आधी हसले. मग म्हणाले, "खालची बाजू कोण बघतो, तात्या?" मी म्हटलं, मी बघतो. पेटी सुताराकडे टाकली आहे, तोवर मॉडेल माझ्याकडेच राहील.

१२ जानेवारी

लिहवत नाही, पण लिहितो. 

सकाळची फेरी. मी पुढे, धर्माशेजारी. नागावच्या वळणावर, दगडी कुंपणाचा गडगा संपतो तिथे, चौलची कृष्णी माळीण विड्याच्या पानांची टोपली डोकीवर घेऊन रस्ता ओलांडत होती. धर्माने पाय दाबला. पाय थेट फळीला टेकला. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बुटापासून एक वीत अंतरावर, तो पाय काही न अडकता खाली गेला. खालून लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. धर्माने गडग्याकडे वळवली, पण मडगार्डने तिला घेतलंच. डाव्या, पोचा असलेल्या.

रस्ताभर पानं. उतारूंपैकी एकाने दोन उचलून कमरेला खोचली. त्याला मी काय म्हणू? मी स्वतः काय करत होतो? मी पाहत होतो की मडगार्डला दुसरा पोचा कुठे पडला.

कृष्णीची मांडी मोडली, डोक्यालाही मार. अलिबागला नेली.

१३ जानेवारी

काल पंचनाम्याला पोलीस येण्याआधी मामांनी बैल जुंपून मोटार घरच्या छपरात ओढून आणली. संध्याकाळी मी गेलो तेव्हा मेस्तरी खाली होता. नवी सळई लागलेली, तिला काजळी आणि वंगण फासून जुनी केलेली. कपाटातून निघाली, लागली, मळवली, सगळं दोन तासांत. तेव्हा पौष आडवा आला नाही.

दोरी कुठे, विचारलं. मेस्तरी म्हणाला, चुलीत.

आज पंचनाम्यात आलं की ब्रेक दुरुस्त. धर्माला धरून नेलं. बेदरकार हाकणं.

१४ जानेवारी

संक्रांत. मामांकडून तिळगूळ आला. सौ.ने माझ्यापुढे ठेवला. मला त्यावर वंगण दिसलं. कावळ्यांना टाकला. ती रडली. म्हणाली, मामांनी माझं लग्न लावून दिलं, माझ्या वडिलांची तेरा दिवसांची सगळी कामं केली, हे तुम्हाला कधी दिसत नाही, वीतभर दोरी मात्र दिसते. हेही खरंच आहे.

२१ जानेवारी

कृष्णी काल गेली.

तिला मी वीस वर्षांत दहा वेळा तरी पाहिलं असेल. मोटारीत चढताना टोपली माझ्या मांडीला लागली म्हणून एकदा वस्सकन अंगावर गेलो होतो. ती "लागलं का भाऊ" म्हणाली होती.

४ फेब्रुवारी

मामा आणि त्यांचे वकील. सौ.ने पोहे केले. वकिलाने मॉडेल पाहून मांडीवर थाप मारली, इतका खूष. बेत असा : कोर्टात मॉडेल मांडायचं. सरकारी मोजणीदाराने अपघाताआधी दोन महिने खपून, फुटाला इंच या प्रमाणाने, तळापासून केलेलं. पोचासुद्धा सोडला नाही, मग सळई तुटकी असती तर दाखवली नसती का? म्हणजे मोटार ठीक होती, चूक हाकणाऱ्याची.

फक्त दोरी काढायची. तिथे सरळ सळई घालायची. मामा म्हणाले, "दहा मिनिटांचं काम. घरचा माणूस म्हणून सांगतो आहे."

माझा पोचा काढा म्हणणारा हाच माणूस. आता पोचा त्याला देवासारखा पावला. शिसारी आली, आणि तरी मी त्यांच्या कपात चहा ओतला. नाही म्हणालो नाही. बघतो म्हणालो. वीस वर्षं बांध हलवायला येणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे, बघतो.

साक्षीचं समन्स माझ्यावर येणारच. पुढे बसलो होतो ना!

११ फेब्रुवारी

हिराजी आला. वाटलं, मॉडेल सांभाळा म्हणायला आला. त्या मॉडेलवर त्याच्या मुलाची सुटका आहे, दुसरा पुरावाच नाही. मी सांगितलं, दोरी आहे अजून, मी कापली नाही. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"कापा तात्या. कोरट इचारील, बांदली कुनी? ती गाठ साऱ्या किनाऱ्यावर वळखतात."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सळई तुटकी होती हे ठरलं की दोरी बांधून मोटार हाकली कोणी, हेही ठरलं. म्हातारा म्हणतो, न बांधता धरला तर नुसता बेदरकार, पोराला वर्षभर पडेल. बांधल्याचं निघालं तर जाणूनबुजून माणूस मारलं म्हणतील. आणि सळई कपाटात होती हे कोण सांगणार? मामा?

म्हणजे मामांनाही दोरी नको, हिराजीलाही नको. मग ती हवी कोणाला? मला. का, तर माप बरोबर आहे म्हणून. कृष्णीला तर आता काहीच नको.

१८ फेब्रुवारी

नवी सळई केली. पितळेची तार, कानशीने घासून, काजळीत बुडवून. दोन्ही टोकांना डोळे, त्यांत टाचणीच्या खिळ्या. घालून पाहिली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी बेमालूम बसली की मीच हरखलो. खरं सांगायचं तर दोरीपेक्षा देखणी दिसते.

आपल्या हातांचीच घाण वाटली. या हातांना खरं-खोटं कळत नाही, त्यांना फक्त नीट बसलं की झालं. सळई काढली, दोरी पुन्हा जागेवर लावली. दोरीने बांधलेली तुटकी सळई मी आधीच अख्खी उचलून ठेवली होती, गाठ शाबूत. हिराजीने बांधलेली गाठ सुटायची नाही.

२५ फेब्रुवारी

धर्मा जामिनावर सुटला आहे. आज खोपीशी आला. वाळला आहे. बस म्हटलं तर बसला नाही. बापाचं बोलणं त्याला कळलं आहे, त्यावर त्याने बापाशी भांडण केलं. म्हणतो, कोर्टात मी सांगणार, मी बांधली. तीनदा सळई मागितली तेही सांगणार. पण बिनसाक्षीचं ड्रायव्हरचं कोण ऐकतो?

मी म्हटलं, मॉडेल आहे, वहीतला नक्षा आहे, वर तारीख आहे. मामांच्या विरुद्ध जायचं म्हणजे काय होईल ते मी त्याला ऐकवत होतो. घर मामांचं, सौ. मामांची, वगैरे. तो ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला,

"तारीख सतरा डिसेंबरची हाय ना तात्या? त्या दिसापासनं तुमी रोज माज्या बाजूला बसत व्हतात. तुमी कुनाला बोललात?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाज चढवला नाही त्याने. एवढं विचारून निघून गेला.

२६ फेब्रुवारी

वही काढून पाहिली. १७ डिसेंबर. "एक अपूर्व गोष्ट सापडली." असं लिहिलं आहे मी. पुढे वेढे, दोरीची जाडी, गाठीची लांबी. ही मोटार थांबवा, असं कुठेही नाही. सव्वीस दिवस. तेरा माणसं आणि टोपल्या. पौष तर पौष म्हणून मीही गप्प, आणि खरं म्हणजे पौषाचंही नाव कशाला घेऊ, मला त्या दोरीची काळजी एकाच गोष्टीसाठी होती, की माझं मॉडेल व्हायच्या आत ती कोणी काढू नये.

हे लिहिल्यावर उठून विहिरीवर गेलो आणि खरोखर ओकलो. या खेपेला भोत शिजत नव्हता.

१ मार्च

शिमगा. वाडीत होळी रचली आहे, पोरं सकाळपासून लाकडं पळवताहेत, बोंबा मारताहेत. सौ. खोपीत आली, पहिल्यांदाच. नाकाला पदर नव्हता. म्हणाली, हा वास माशाचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग मॉडेलकडे बोट केलं. टाका होळीत, मामाही सुटतील, ते कोळ्याचं पोरही सुटेल, तुम्हीही सुटाल.

मी म्हटलं, साक्ष तर द्यावीच लागेल.

ती म्हणाली, साक्षीला तोंड लागतं, ते तुमच्याकडे कधी होतं?

टाकलं नाही. मोहही झाला नाही असं नाही.

७ मार्च

आज अलिबागला कोर्ट, अकराला. मामा पहाटेच पुढे गेले. माझ्यासाठी मोटार पाठवणार आहेत. तीच. नवा ड्रायव्हर, नवा रंग. पोचे दोन्ही ठोकून काढले, आज ती माझ्या मॉडेलसारखी दिसत नाही.

मॉडेल धुतलेल्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेतलं आहे. खाली दोरी आहे. पितळी सळई आणि चिमटा कोटाच्या डाव्या खिशात. का घेतले, विचारू नये. कोर्टापर्यंत पाऊण तास लागतो आणि कामाला दहा मिनिटं पुरतात. उजव्या खिशात ही वही जाईल.

वकिलाने सांगून ठेवलं आहे की मॉडेल टेबलावर चाकांवर उभं ठेवायचं. मला विचारतील, हे हुबेहूब आहे का? मी म्हणेन, आहे, फुटाला एक इंच. ते खोटं नाही. पुढे कोणी उलटं करा म्हणणार नाही. उलटं केलं तर मीच करायचं, आणि केलं की पहिला प्रश्न धर्माला नाही, मामांनाही नाही, मलाच येणार, तुम्ही हे केव्हा पाहिलंत?

धर्मा कोर्टाच्या पायरीवर असेल. हिराजीही.

सौ.ने दही घातलं हातावर. तिने मॉडेलला हात लावला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. पण निघताना म्हणाली, पुढे बसू नका.

हॉर्न वाजतो आहे. वही बंद करतो.